क्षीण स्वराचे जतन

गेल्या उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यातून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. हा गृहस्थ मंगरूळपीर तालुक्यात शिक्षक आहे. त्याच्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात, आणि त्या तिच्याच आवाजात मुद्रित करून ठेवाव्यात ही त्याची कित्येक दिवसांची इच्छा. आजीचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले. गळा अद्याप सुरात आहे, पण आवाजातले बळ गेले आहे. शिक्षकाने पगारातून पैसे साठवून नभोवाणीवाले वापरतात त्या धाटणीचा एक मायक्रोफोन घेतला, आणि तो संगणकास जोडण्याची छोटी पेटी, जिला व्यवहारात ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात, ती एका परिचिताकडून मागून आणली. पहिलेच मुद्रण ऐकून तो हताश झाला. आजीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा; तो वाढवावा तर त्याच्यासंगे तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशी चरचर वाढे. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, “सर, दोष माईकचा, पेटीचा की आमच्या आजीच्या आवाजाचा? आणि माझ्या ऐपतीत बसेल अशी कोणती पेटी घ्यावी?”

मी इतिहासाचा अध्यापक. विजेच्या यंत्रांशी माझा संबंध दिवा लावण्यापुरता. परंतु या पत्राचे उत्तर शोधू लागलो तेव्हा आढळले की, प्रश्न दिसतो यंत्राचा, पण त्याच्या पोटात सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. दुबळा स्वर दूरवर कसा न्यावा, आणि नेताना त्यात परके आवाज मिसळू नयेत यासाठी काय करावे, हाच प्रश्न प्रत्येक पिढीने आपल्या परीने सोडविला आहे. तो इतिहास ध्यानी घेतला म्हणजे बाजारात पेटी निवडणे अवघड राहत नाही. आणि न घेतला तर माणूस जाहिरातीतल्या आकड्यांना भुलतो.

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी वाशीमच्या मातीविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले आणि पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी ते वाखाणले. परंतु ते काव्य आज समग्र उपलब्ध नाही. इतरांनी आपापल्या ग्रंथांत जी अवतरणे घेतली तेवढ्यांवरच आपणास त्याची ओळख पटवून घ्यावी लागते. या शाखेच्या इतिहासावर प्रकाश टाकणारा विंध्यशक्तीचा ताम्रपटही वाशीमला सापडला तो १९३९ साली. राजाच्या काव्याची ही अवस्था, मग दळणाऱ्या बायकांच्या ओवीला कोण विचारतो? ती ना ताम्रपटावर कोरली गेली, ना पोथीत उतरली. ती जगली ती केवळ गळ्यात, आणि गळ्याबरोबर जाते.

वऱ्हाडी बोलीचे नमुने पद्धतशीरपणे छापले गेले ते ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात, १९०५ साली. योगायोग असा की, त्याच वर्षी जुना वाशीम जिल्हा मोडून त्याचे तालुके शेजारच्या जिल्ह्यांत वाटले गेले. तो पुन्हा स्वतंत्र झाला १ जुलै १९९८ रोजी. सर्वेक्षणातले नमुने कागदावरचे होते. अक्षरे उमटली, पण उच्चारातला हेल उमटला नाही. ही उणीव सर्वेक्षणकर्त्यांनाही जाणवली असावी, कारण पुढे हिंदुस्थानातील अनेक भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आले. बोली कानांनी जतन करावयाची तर यंत्रच हवे, हे त्या काळीच उमगले होते.

आता त्या यंत्राकडे वळू. १९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, वीजही नव्हती. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. त्याच्या आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलावयाचा, आणि पडद्याला जोडलेल्या सुईने मेणाच्या फिरत्या तबकडीवर रेघ कोरावयाची. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, सुई चालविण्याचे सगळे बळ गाणाऱ्याच्या छातीतून यावे लागे. बाहेरून रतिभराची मदत नसे. म्हणून त्या काळच्या तबकड्यांवर बुलंद आवाज उठून दिसतात, आणि जे मृदू स्वरात गात त्यांच्या गाण्याचा अर्धा प्राण मेणातच अडकून राहिला आहे. आमच्या शिक्षकाच्या आजीला त्या कर्ण्यासमोर बसविले असते तर तबकडीवर बहुधा काहीच उमटले नसते.

दुसरीकडे टेलिफोनवाल्यांनी कार्बनचा मायक्रोफोन सिद्ध केला होता. एडिसन आणि ह्यूज यांचे हे कार्य १८७७–७८ च्या सुमाराचे. कार्बनच्या कणांतून बॅटरीचा प्रवाह सोडून ठेवलेला असे आणि आवाजाच्या दाबाने तो कमीजास्त होई. म्हणजे बोलणाऱ्याला केवळ पाटाचे दार हलवावयाचे, पाणी दुसऱ्याचे. यामुळे आवाज जोरकस निघे, परंतु कणांची आपसातली कुजबूज अखंड चाले आणि ती खरखर होऊन कानी पडे. बळ मिळाले, पण स्वच्छता गेली. कर्ण्याची व्यथा याच्या नेमकी उलट होती. पुढचा सगळा इतिहास हा या दोहोंचा मेळ घालण्याचा आहे.

तो मेळ घातला निर्वात नळीने. १९०६ साली ली डी फॉरेस्टने तीन विद्युदग्रांची नळी बनविली आणि पुढील काही वर्षांत ती दुबळ्या विद्युत्संदेशाला मोठा करण्याच्या कामी लागली. आता मायक्रोफोनने स्वतः बळकट असण्याची गरज उरली नाही. त्याने प्रामाणिक असावे एवढे पुरे झाले. १९१६ च्या सुमारास वेंट याने जो कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला, त्याचा संदेश इतका क्षीण होता की वाढ करणारी नळी त्याच्या अगदी लगत ठेवावी लागे. तारेतून लांब नेला तर तो वाटेतच मळून जाई. ‘आधी जवळ वाढवा, मग दूर न्या’ हा धडा तेव्हाच गिरविला गेला. १९२५ साली अमेरिकेत विजेवरील ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि कर्ण्याचे युग आवरते झाले.

महाराष्ट्राच्या गळ्यावर या बदलाचा काय परिणाम झाला हे पाहण्याजोगे आहे. आपले रंगभूमीचे गायन पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत उघड्या गळ्याने पोहोचविण्याचे गायन होते. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांच्या पिढीला ध्वनिक्षेपकाचा आधार नव्हता. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले; १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला; आणि गायक व श्रोता यांच्यामधले अंतर हातभर झाले. मिरजेच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या नाजूक आणि अत्यंत सुरेल आवाजाची खरी कल्पना आपणास येते ती १९३० नंतरच्या दशकातील विजेवरील तबकड्यांवरून. विसाव्या शतकाच्या आरंभी कर्ण्यात गायिलेल्या त्यांच्याच गाण्यांवरून नव्हे. घरगुती, कानगोष्टीच्या सुरात म्हटले जाणारे भावगीत तर मायक्रोफोनच्या कुशीतच वाढले. १९५५ साली पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणाने घराघरांत जो जिव्हाळा उत्पन्न केला, त्यालाही हीच जवळीक कारण होती. हळू गाणे हा आता दोष राहिला नाही.

परंतु वाढवावयाचे म्हणजे किती? वाटेल तितके वाढविता येते काय? याचे उत्तर १९२८ साली मिळाले. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन आणि नाइक्विस्ट यांनी दाखवून दिले की, कोणत्याही विद्युत्-रोधात उष्णतेमुळे कणांची चळवळ सदैव चालू असते आणि तिच्यातून एक सूक्ष्म, कधीही न थांबणारा आवाज निघतो. यंत्र कितीही चांगले असो, हा आवाज निसर्गाचा आहे; त्याच्या खाली जाता येत नाही. १९४४ साली फ्रिस याने त्याला पूरक असा दुसरा नियम मांडला. संदेश एकामागून एक अशा अनेक पायऱ्यांनी वाढविला जात असेल, तर पहिल्या पायरीवर पुरेशी वाढ झाली की एकूण मळ किती ते मुख्यत्वे तीच पायरी ठरविते. पहिल्या पायरीवर जे गढूळ झाले ते पुढे कितीही खर्च केला तरी नितळ होत नाही. आमच्या शिक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, या एका वाक्यात आहे.

आता त्याच्या मायक्रोफोनविषयी. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवून वीज उत्पन्न करणारा हा ‘डायनॅमिक’ प्रकार. याला बाहेरून वीज लागत नाही, तो दणकट असतो आणि सहसा बिघडत नाही. मात्र त्याची निर्मिती अल्प. या जातीचा प्रसिद्ध प्रतिनिधी म्हणजे शुअर कंपनीचा एसएम७, जो १९७३ साली निघाला, आणि २००१ पासूनचा त्याचा सुधारित अवतार एसएम७बी. ओठांशी धरून नेहमीच्या आवाजात बोलल्यास जेवढा दाब पडतो, साधारण चौऱ्याण्णव डेसिबेल, तेवढ्यावर हा मायक्रोफोन जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो. वृद्ध स्त्रीचा हळू आवाज त्याच्या एकदशांश धरला तर मिळणार ०.११ मिलिव्होल्ट. बहुतेक कंडेन्सर मायक्रोफोन याच्या दहा-वीस पट देतात. क्षीण निर्मिती म्हणतात ती ही.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, क्षीण निर्मितीचा मायक्रोफोन भोवतालचा गलका कमी ऐकतो. हे खरे नाही. तो आवाज आणि गलका दोहोंनाही सारखेच कमी करतो. गलका कमी येतो तो मायक्रोफोन तोंडाजवळ धरल्यामुळे आणि त्याची पाठ बहिरी असल्यामुळे. दुसरा गैरसमज असा की, पेटीवरील ‘गेन’ची खुंटी पिळल्याने खरखर उत्पन्न होते. खुंटी काही उत्पन्न करीत नाही. पेटीच्या दाराशी जी खरखर आधीपासून बसलेली असते तिला ती आवाजाबरोबर मोठे करून दाखविते एवढेच. तेव्हा खुंटी कितीवर आहे यापेक्षा, दाराशी किती खरखर बसली आहे, हे विचारावयाचे.

ही दाराशी बसलेली खरखर मोजण्याचे एक परिमाण आहे. उत्पादकांच्या तपशीलपत्रात ते ‘ईआयएन’ या नावाने देतात आणि डीबीयू या एककात मांडतात. दीडशे ओहमच्या मायक्रोफोनपुरती निसर्गाची सीमा उणे १३१ च्या आसपास पडते, म्हणजे सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट. चांगली पेटी उणे १२७ ते उणे १२९ पर्यंत पोहोचते. उणे १२८ ची पेटी घेतली तर तिची खरखर सुमारे ०.३१ मायक्रोव्होल्ट, आणि आजीचा ०.११ मिलिव्होल्टचा आवाज तिच्या साडेतीनशे पटींहून अधिक मोठा राहतो. एखादी जुनी वा हलकी पेटी उणे ११० ची असेल तर खरखर अडीच मायक्रोव्होल्टच्या घरात जाते आणि तोच आवाज तिच्या पंचेचाळीस पटच भरतो. ओवीच्या दोन ओळींमध्ये आजी श्वास घेईल तेव्हा ती चरचर स्पष्ट ऐकू येणार. दोष आजीच्या आवाजाचा नाही, मायक्रोफोनचाही नाही. तो पहिल्या पायरीचा आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. काही उत्पादक हा आकडा ‘ए-वेटेड’ पद्धतीने मोजतात. तीमुळे तो एक-दोन अंकांनी अधिक चांगला दिसतो. तुलना करावयाची तर सारख्या मापाने करावी.

ईआयएन पाहून झाल्यावर मग वाढीचा आकडा पाहावा. साठ डेसिबेल म्हणजे हजारपट. क्षीण मायक्रोफोनला निदान साठ तरी असावेत, आणि हळू आवाजाला त्याहून अधिक असल्यास बरे. या बाबतीत स्वस्त पेट्या अलीकडे पुष्कळ सुधारल्या आहेत. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट २आय२ या पेटीच्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबेलची वाढ होती. २०२३ साली आलेल्या चौथ्या पिढीत ती ६९ झाली. मात्र त्याच चौथ्या पिढीतील ‘सोलो’ नावाच्या धाकट्या पेटीत ती ५७ वरच थांबते. थोडक्या पैशांच्या फरकात केवढे अंतर पडते ते यावरून दिसेल. तथापि पेटी खरोखर स्वच्छ असेल आणि वाढ दोन-चार डेसिबेलने कमी पडत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. आजच्या पेट्या चोवीस बिटांत मुद्रण करतात. उरलेली वाढ संगणकात मागाहून देता येते आणि तिने फारसे बिघडत नाही. उलट १९२ किलोहर्ट्झ वगैरे जे आकडे खोक्यावर ठळक छापतात, त्यांसाठी एक रुपयाही अधिक देऊ नये. ओवीला ४८ पुष्कळ झाले.

काहीजण मायक्रोफोन आणि पेटी यांच्यामध्ये एक छोटी वाढनळी बसविण्याचा सल्ला देतात. ती पेटीकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या ‘फॅन्टम’ विजेवर चालते. ही वीज मायक्रोफोनच्याच तारेतून पाठविण्याची रीत नॉयमान कंपनीने १९६६ साली नॉर्वेच्या नभोवाणीसाठी रूढ केली. वेंटने आपल्या मायक्रोफोनलगत नळी ठेवली तोच हा जुना उपाय, नव्या वेषात आलेला. हाती असलेली पेटी खरखरीत असेल तर याचा चांगला उपयोग होतो. पेटी मुळात शांत असेल तर लाभ अल्प. परंतु जुनी पेटी अधिक वाढनळी यांची बेरीज कित्येकदा एका चांगल्या नव्या पेटीहून जास्त भरते. म्हणून हिशेब करून मगच हात घालावा. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय तो हा की, मायक्रोफोन अर्ध्या अंतरावर आणावा. अंतर निम्मे केले की आवाज जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्याला काहीच पडत नाही. अतिजवळ गेल्यास आवाजात खर्ज फुगतो, तेवढे मात्र सांभाळावे.

हे सर्व मी शिक्षकास सविस्तर लिहिले. शेवटी एवढे सांगितले की, दुकानात आपलाच मायक्रोफोन घेऊन जावे. कानाला हेडफोन लावून आजीइतक्या हळू आवाजात दोन वाक्ये बोलावीत, मग तसेच गप्प राहावे. गप्प राहिल्यावर जे ऐकू येते त्यावरून पेटी घ्यावी. जी बोलताना गोड वाटते ती नव्हे, तर आपण थांबलो असता जी थांबते ती.

एका व्यक्तीच्या घरगुती हौसेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एक उदाहरण देतो. पुण्याचे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या गेल्या. बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या आणि २०१७ पासून त्या सर्वांना ऐकण्यास खुल्या होऊ लागल्या. त्या ऐकताना कळते की, ओवी कागदावर वाचणे निराळे आणि तिचा शेवटचा शब्द ओढून जात्याच्या फेऱ्याशी जुळविणारा गळा ऐकणे निराळे. मात्र एका संस्थेने सर्व गावे फिरावीत ही अपेक्षा गैर आहे. गिरणी आली तेव्हापासून जाती कोपऱ्यात गेली आहेत, आणि ज्या बायका दळता दळता गात त्या आता ऐंशीच्या पलीकडे आहेत. ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनीच हे काम केले तर होईल. ते नीट व्हावे एवढ्यासाठी पहिल्या पायरीचा हा विचार.

दिवाळीनंतर शिक्षकाकडून एक ध्वनिमुद्रिका आली. त्याने वाढनळीच्या फंदात न पडता एक शांत पेटी घेतली होती. आणखी एक गोष्ट त्याची त्यालाच सुचली. आजीला नुसती बसवून ओवी आठवेना. म्हणून त्याने कोपऱ्यातले जाते काढून तिच्यापुढे मांडले, आणि मायक्रोफोन तिच्या तोंडापासून चार बोटांवर असा धरला की त्याची पाठ जात्याकडे व्हावी. पंखा बंद, दार लोटलेले. मी ऐकू लागलो. प्रथम क्षणभर पूर्ण शांतता होती. मग दुरून जात्याची हलकी घरघर सुरू झाली, आणि तिच्यावर आजीचा स्वर अगदी जवळून, कानाशी बोलावे तसा आला. मधेच ती थांबली, नातवाला म्हणाली, “घे बाप्पा, झालं का तुह्यं?” आणि पुढची ओवी धरली. त्या थांब्यात जात्याची घरघर तेवढी होती. पेटीची चरचर नव्हती. ती घरघर काढून टाकावी काय, असे शिक्षकाने विचारले आहे. मी त्यास कळविले आहे की, ती मुळीच काढू नये.